फुंकणी, गिरणी आणि आपला नियम

रफीक,

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग बाकीचं बोलू. तू माझ्याशिवाय ऐकलंस का ते?

रडणंबिडणं नंतर. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं ते लोकांनी बोलून घेतलंय. धुळ्याला तुझ्या दुकानासमोर मांडव टाकला होता, अख्खी गल्ली जमली होती. जो तो सांगत होता की रफीकभाईच्या हातची गादी वीस वर्षं बसत नाही. मी खांदा दिला, माती दिली, एसटी धरली आणि दीपनगरला घरी आलो. मंगलनं विचारलं, "जेवलात का?" मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. पण त्या दिवशी तुझा राग नव्हता आला. राग आला तो आठवड्याने, तुझ्या लेकीला भेटायला गेलो तेव्हा.

सनानं चहा आणून ठेवला, समोर बसली आणि म्हणाली, "काका, अब्बा शेवटी शेवटी एक चाल गुणगुणायचे. सारखी तीच. कुठल्या गाण्याची आहे हो? तुम्हाला माहीत असणारच." आणि तिनं ती गुणगुणून दाखवली. वर चढत जाते, मग पायरी चुकल्यासारखी धपकन खाली येते, आणि पुन्हा वर. मी म्हटलं, "आठवून सांगतो." आठवणार काय कपाळ! मी ती कधी ऐकलीच नव्हती.

आपण दोघांनी नव्वद सालापासून जे जे ऐकलं ते सगळं मला पाठ आहे. कुठल्या अल्बमात कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं, झोपेत विचार. त्यातलं हे नाही. हिंदी सिनेमाचं तू ऐकायचा नाहीस. मग ही चाल तुझ्या तोंडात आली कुठून? एकच जागा उरते, एक कॅसेट. ती माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे, आणि तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून शाबूत आहे.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ड्युटीवर लक्ष लागत नाही. घरी आलो की कपाट उघडतो, कॅसेट हातात घेतो, परत ठेवतो. काल मंगल वैतागली. म्हणाली, "एक कागद फाडायला एवढा विचार? ऐका एकदाचं, नाहीतर तापीत सोडून या. पण या येरझाऱ्या बंद करा, माझं डोकं गरगरतंय." तिचं बरोबर आहे. पण ऐकलं तर नियम मोडतो, आणि नाही ऐकलं तर तू मोडलास की नाही हे मला मरेपर्यंत कळणार नाही. कसल्या पेचात टाकून गेलास रे, नालायका.

नियम तुझाच. जळगावातल्या तुमच्या गादीच्या दुकानामागची ती कापसाची खोली. मी जामनेरहून डिप्लोमाला आलेला, तुमच्या माडीवर भाड्यानं राहणारा. पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. चारी भिंतींना छतापर्यंत कापूस. बोललेला शब्द तोंडासमोरच पडायचा, भिंतीवरून परत यायचा नाही. तू म्हणालास, "थांब भो, तुले एक गंमत ऐकवतो," आणि टेप लावलास. त्या दिवशी कळलं की तोवर मी गाणी ऐकतच नव्हतो, त्यांचा नुसता गोंगाट ऐकत होतो. त्या खोलीत कुणी झांजेवर काडी घासली तर ती कुठल्या कडेला घासली तेही समजायचं. बंगलेवाल्या पोरांकडे मोठमोठे स्पीकर होते, पण तुमच्यासारखी खोली अख्ख्या जळगावात नव्हती.

तुझे अब्बा गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता मध्येच दारातून डोकवायचे. भिंतीवर तुझ्या आजोबांची कापूस पिंजायची पिंजण टांगलेली होती. बास गिटार सुरू झाली की अब्बा तिच्याकडे बोट दाखवायचे. "ही तर आमची पिंजण शे. तांत ढिली शे जराशी. घट्ट कर म्हना त्याले." आणि निघून जायचे. आपण तोंडात कापूस कोंबून हसायचो, कारण अब्बांसमोर हसायची तुझी टाप नव्हती.

मुंबईचा तुझा मामेभाऊ गादीच्या खोळीचं कापड पाठवायचा, आणि त्या गठ्ठ्याच्या मधोमध कॅसेट असायची. अमेरिकेत अल्बम निघाला की आपल्याला ते कळायचं वाचनालयातल्या शिळ्या इंग्रजी मासिकातून. मग वाट बघणं. कधी सहा महिने, कधी वर्षही. मी कुरकुर केली की तू म्हणायचास, "तिकडं निघाला म्हंजे नुसता छापला. रिलीज तर इथंच होते." आणि खरंच तू तो रिलीज करायचास. शुक्रवारी नमाज पढून आलास की दुकान अर्धं बंद, दोघांनी हातपाय धुवायचे, कापसावर बैठक मारायची, मग कॅसेटचा कागद फोडायचा. एकट्यानं ऐकायचं नाही. दोन्ही बाजू संपेपर्यंत शब्द बोलायचा नाही. बाजू उलटताना ज्याची भुवई जरी उडाली त्याने चहा आणायचा. आणि दोघांचं ऐकून झाल्याशिवाय वाद घालायचा नाही. एकदा मी नुसता सुस्कारा सोडला, तर तू त्याचाही चहा आणायला लावलास.

पण एकदा वाद सुरू झाला की झाला! तू जॅझवाला, मी रॉकवाला. तुझा तो आवडता सॅक्सोफोनवाला, त्याचं नाव धड कुणाला उच्चारता येईना, म्हणून मी त्याला फुंकणीवाला म्हणायला लागलो. तू चिडलास आणि माझ्या ड्रमवाल्याला गिरणीवाला केलंस. "ते काय वाजवणं आहे का? पिठाची गिरणी लावून ठेवली आहे नुसती. दळण टाक आन घरी जा." मी म्हणायचो, गाणं चालतं ते ठोक्यावर, ठोका काढून घेतला तर तुझा फुंकणीवाला नुसता धूर करत बसेल. तू म्हणायचास, गाण्याचा जीव श्वासात असतो, हात काय कुणीही आपटतो. दहा वर्षं हा एकच वाद. नवा अल्बम आला की नवे पुरावे, निकाल मात्र लागला नाही.

आणि मग ते दशक सरत आलेलं असताना तुझा फोन आला. तुझं लग्न झालेलं, सासऱ्यांना मुलगा नाही म्हणून त्यांचं धुळ्याचं दुकान तुझ्याकडे आलेलं, मी दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला चिकटलेलो. ड्युटीवर फोन. साहेबाला वाटलं घरी काहीतरी बरंवाईट झालं. मी घाबरून रिसीव्हर कानाला लावला तर तू ओरडतोयस, "विज्या! फुंकणी आन गिरणी एका अल्बमात! दोघंच! एकाच चुलीवर!"

आता निकाल लागणार होता. गठ्ठ्याची वाट बघायला तुला धीर नव्हता. मामेभाऊ गाडीनं भुसावळवरून जाणार होता, तर मी फलाटावर जाऊन त्याच्या हातून कॅसेट घेतली आणि त्याच रविवारी धुळ्याला आलो. टेप लावायला गेलो आणि लाइट गेली. संध्याकाळपर्यंत आली नाही. तू माझ्या नावानं शंख केलास, जणू दीपनगरचं बटण मीच बंद करून आलो होतो. दुसऱ्या खेपेला आलो तर सना जन्मलेली, घरात बाळ निजलेलं, पाहुण्यांना बसायला जागा नाही, कॅसेट कुठली लावणार. त्यानंतरच्या खेपेला तुझ्या टेपचा रबरी पट्टा उन्हानं वितळून आत चिकटलेला.

मग ती सवयच झाली. "कॅसेट आणली का?" "आणली." "आज नको भो. आज शेवभाजी खा, गप्पा मार. पुढच्या वेळी." ती कॅसेट त्या रस्त्यावर जितकी फिरली तितका एखादा कंडक्टरही फिरला नसेल. मधल्या काळात टेप गेले, सीडी आल्या, सीडीही गेल्या. सना कॉलेजात होती तेव्हा तिनं कॅसेट उलटून वरचं नाव वाचलं, फोनवर बोटं चालवली आणि म्हणाली, "काका, हा तर इथं आहे. लावू?" आपण दोघं एकदम ओरडलो, "नको!" पोर दचकली. तू तिला जवळ घेऊन म्हणालास, "बेटा, ऐकून टाकलं तर तुझा काका इकडं कशाला येईल?" मी हसलो. तू नाही हसलास. मी ते तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं. आपण दोघं असलं काही सरळ बोलणाऱ्यांपैकी नव्हतोच. शिव्या देऊन भागवायचो.

आता बोलतो. तू माझा सगळ्यात जवळचा माणूस होतास. भावापेक्षा जवळचा. मला तुझ्यावाचून करमत नाही. हे समोर म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "चढली का रे?"

शेवटी भेटलो ते दवाखान्यात. डायलिसिसनं तुझा रंग राखेसारखा झाला होता. मी कॅसेट तर आणलीच होती, शिवाय खिशात मावणारा छोटा टेपही मिळवून आणला होता, सेल घालून. म्हटलं, आता पुढची वेळ नको, आजच उरकू. तू डोळे मिटून म्हणालास, "आज नको विज्या. इथं मशीनचा लई आवाज आहे. घरी जाऊ दे, मग कापसात बसून ऐकू." मी तुझ्यावर चिडलो. चिडूनच निघालो. जाताना तू हात वर केलास, मीही केला. आपलं शेवटचं बोलणं एवढंच. आठ दिवसांत सनाचा फोन.

मग सांग ना, ती चाल कुठली? तुझ्या पोरीला मी कसा विचारू, की तुझ्या बापानं मला फसवलं का म्हणून? घरात चाळिसावा व्हायचाय अजून.

इथवर काल लिहिलं. उठलो, फिरून आलो, पुन्हा बसलो, पुढं काही सुचेना. आज फोडली.

दुपारी जेवून झाल्यावर मंगलला म्हटलं, "ऐकतो." तिनं माळ्यावरून गाद्या काढल्या. आमच्या लग्नात तू भरून दिलेल्या, आठवतंय? मंगलनं त्या खोलीच्या भिंतींना उभ्या लावल्या, खिडकीलाही एक लावली. मी बघतच राहिलो. म्हणाली, "कापूस पाहिजे म्हणत होते ना भाऊजी. तुम्हीच सांगितलं होतं." मी तिला बस म्हटलं, तर म्हणाली, "नको बाई. तो तुम्हा दोघांचा कारभार." आणि दार ओढून घेतलं.

मी हातपाय धुतले. नखानं कागद फोडला. फीत इतकी वर्षं एका जागी बसून चिकटली असेल म्हणून आधी पेन्सिलीनं थोडी फिरवली, मग एकदा पूर्ण पुढं, एकदा मागं. मग लावली.

रफीक, पहिली बाजू बंडल आहे!

अरे काय सांगू! दोन नावाजलेले आचारी एका चुलीवर बसवले आणि खिचडी करपली. तुझा फुंकणीवाला आपला सूर लांबवत बसलाय, लांबवत बसलाय, आणि माझा गिरणीवाला सासरी आल्यासारखा वाजवतोय. हळू, जपून, कुणाला लागू नये असा. दोघं एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करताहेत. यासाठी आपण पंचवीस वर्षं थांबलो? मला हसू यायला लागलं. गाद्यांच्या मध्ये एकटा बसून हसतोय, भुवई सोड, अख्खं तोंड हलतंय, आणि चहा आणायला लावणारं कुणी नाही. मग ते हसू कुठल्या कुठं गेलं. उठून बाजू उलटली.

दुसऱ्या बाजूला शेवटाकडे ती आली. तुझी चाल. वर चढली, पायरी चुकून खाली आली, पुन्हा वर.

मी टेप बंद केला. तुला काय काय बोललो ते लिहीत नाही. मंगल दार उघडून बघून गेली. लबाड माणसा! मी इकडे तुझा नियम उराशी धरून बसलोय, दुकानात कुणी तसलं काही वाजवलं तरी कान बंद करून बाहेर पडतोय, आणि तू खुशाल ऐकून मोकळा! ऐकलंस ते ऐकलंस, वर गुणगुणतही बसलास!

तसाच सनाला फोन लावला. आडपडदा न ठेवता विचारलं, "अब्बांनी फोनवर काही ऐकलं होतं का दवाखान्यात?"

ती म्हणाली, "काका, त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. पण आता तुम्ही विचारलंच तर... तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. माझा फोन मागितला, स्वतःच शोधत बसले. मी म्हटलं मी लावून देते, तर देईनात. मग कानात घालून पडून राहिले. काय ऐकलं ते मला कुठं कळणार, ते तर त्यांच्या कानात होतं. ती चाल त्याच्यातलीच का?"

"त्याच्यातलीच. सांगू नको का म्हणाले?"

"म्हणाले, विज्याला कळू देऊ नको, तो जीव देईल. घरी गेलो की त्याच्यासोबत ऐकणारच आहे मी. तेव्हा पहिल्यांदा ऐकतोय असं तोंड करीन." सना हसली. "मला तोंड करूनही दाखवलं काका. डोळे मोठे करून, तोंड उघडून. विचारलं, जमतंय ना मला? त्याला खरं वाटेल ना?"

फोन मंगलनं घेतला.

तुला कळलं होतं ना रे? मी चिडून गेलो आणि तू हात वर केलास, तेव्हाच तुला कळलं होतं की पुढची वेळ नाही. म्हणून ऐकून घेतलंस. आणि तरीही, ते तोंड करायची तालीम केलीस, की चुकून घरी गेलोच तर विज्याचं मन मोडायला नको. मी काय बोलू तुला आता? माझ्या तर शिव्याही संपल्या.

तेव्हा संध्याकाळी पुन्हा बसलो, त्या गाद्यांमध्येच. ते एक गाणं परत परत ऐकलं. अख्ख्या अल्बमात तेवढंच गाणं आहे खरं, आणि तू बरोबर तेवढंच उचललंस. तुझ्या कानाला मान दिलाच पाहिजे.

पण ऐक. वाद दोघांचं ऐकून झाल्यावर घालायचा. आता दोघांचं झालंय. म्हणून सांगतो: तू ती चाल शेवटी वर नेऊन सोडायचास. सनाही तशीच सोडते, तुझ्याकडून शिकली. ती तशी सुटत नाही रे. दवाखान्यातल्या त्या कलकलाटात, कानात ते असलं खेळणं घालून, तुला ऐकूच आलं नसणार. फुंकणीवाला वर जातो आणि तिथं त्याचा श्वास संपतो. तो थांबतो. चाल अर्धीच राहते. आणि मग गिरणीवाला, एवढा वेळ गप्प बसलेला, ती उरलेली चाल एकटा वाजवतो. हलक्या हातानं, ब्रशनं, सूर एकही नाही, तरी ती चाल ओळखू येते. तो ती पुरी करतो आणि मग गाणं संपतं.

म्हणजे मी जिंकलो, रफीक. श्वास थांबला तरी ठोका पुढं चालवतो, हेच मी दहा वर्षं घसा फोडून सांगत होतो. निकाल माझ्या बाजूनं लागला. आणि मला हा निकाल नकोय. तू मला खोटं पाड. नेहमीसारखा कापसावरून ताडकन उठ आणि म्हण, "तुले काय घंटा समजते, विज्या." टेप मागं घेतलाय, गाणं सुरुवातीला लावून ठेवलंय. सांग ना मला की मी चुकतोय.